क्यूआरएक्स म्हणजे थांब

फेब्रुवारीतल्या एका सकाळी दाढी करताना माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेरा दिवस ते एक अक्षर बोलले नाहीत. चौदाव्या दिवशी हॉस्पिटलच्या खाटेवर मी त्यांना चमच्याने मऊ खिचडी भरवत होते. त्यांनी डाव्या हाताने माझा हात बाजूला सारला आणि अगदी स्वच्छ म्हणाले, "क्यूआरएक्स."

"अंकल क्या बोले?" नर्सने विचारलं.

"रेडियो की भाषा है इनकी," मी सांगितलं, आणि खिचडीची वाटी हातात धरूनच रडायला लागले.

माझे यजमान हौशी रेडिओवाले. जगात सगळीकडे या लोकांना हॅम म्हणतात. नोकरी चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत, उपकरणं तयार करण्याची; आणि घरी आलं की पुन्हा तेच, फक्त स्वतःच्या मर्जीचं. आमचं घर वरच्या मजल्यावर, त्याच्याही वर गच्चीतली बरसाती. त्या एवढ्याशा खोलीत त्यांचा सेट होता आणि गच्चीवर एरियलचा खांब. कोण कुठल्या देशातला माणूस, त्याच्याशी ते बोलायचे, आणि बोलणं म्हणजे काय, तर क्यूवरून सुरू होणारी तीन-तीन अक्षरं. पूर्वी तारेच्या कडकट्टमध्ये एकेक अक्षर पाठवायला वेळ लागे, म्हणून अख्ख्या वाक्याची तीन अक्षरं केली. समोरच्याला आपली भाषा येत नसली तरी ती कळतात. हे त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मोठ्या हौशीने समजावलं होतं, आणि मी जांभई दिली होती.

त्या भाषेत बायकोलाही एक खूण आहे, एक्सवायएल. वायएल म्हणजे तरुण मुलगी. एक्स लावला की माजी तरुण मुलगी. ते माइकवर कुणाला तरी सांगत होते, "एक्सवायएल चहा घेऊन आली आहे," आणि मी अर्थ विचारला. कळल्यावर तो चहा मी तसाच खाली परत नेला. तेव्हा माझं वय सव्वीस होतं.

निवृत्तीनंतर मला सांगलीला जायचं होतं. माझी बहीण तिथे आहे, भाजीवालीशी भांडायला माझी भाषा आहे. ते मूळचे अमरावतीचे, त्यांना सांगलीचं वावडं नव्हतं. पण ते म्हणाले, "तिथं फ्लॅटच्या गच्चीवर मले खांब कोण उभारू देईन?" म्हणून आम्ही चंदीगडलाच राहिलो. एका खांबासाठी. ते मी त्यांना कधी माफ केलं नव्हतं. ते खाटेवर होते तेव्हाही नाही.

हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर मी बरसातीत गेले आणि त्यांची वही काढली. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. महाराष्ट्र मंडळातल्या कुणाला लायसन्सच्या परीक्षेला बसायचं असेल तर उपयोगी पडेल, म्हणून त्यांनी सगळ्या खुणांचे अर्थ साध्या मराठीत लिहायला घेतले होते. मंडळात त्यांनी दोनदा जाहीर केलं, पण एकही माणूस आला नाही. तरी ते लिहीत राहिले. वहीत होतं: क्यूआरएम, माणसांचा गोंगाट. क्यूआरएन, आभाळाचा गोंगाट. क्यूएसबी, आवाज येतो आणि जातो. क्यूटीएच, तुमचं गाव कोणतं? जिना उतरता उतरता पान उलटलं आणि सापडलं: क्यूआरएक्स, थांब, मी परत हाक देतो.

मी जिन्यातच बसले. एवढ्या मोठ्या पडझडीत माणसाला एकच शब्द सापडावा आणि तो हा असावा. मला वाटलं, ते मला सांगताहेत, सोडू नकोस, मी येतोय.

मुलगी गुरुग्रामला असते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, पापा सच में समझकर बोल रहे हैं?"

"पक्का," मी म्हणाले.

मग मी ती वही पाठ करायला घेतली. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, पाठांतराची मला भीती नव्हती. जाड कागदाचे चौकोन कापून एकेका खुणेचं कार्ड केलं. सकाळी त्यांचं तोंड पुसून झालं की मी समोर बसायचे आणि विचारायचे, "क्यूटीएच?" ते म्हणायचे, "क्यूआरएक्स." कधी चिडून, कधी हसून, कधी प्रश्न विचारल्यासारखं. मी सूर ऐकून अर्थ लावायचे. हा भुकेचा, हा कंटाळ्याचा, हा लेकीच्या आठवणीचा. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि आम्ही इतकं कधीच बोललो नव्हतो. मार्च, एप्रिल, मे, मी खरोखर आनंदात होते. आता हे लिहिताना लाज वाटते.

वाचा सुधारण्यासाठी आठवड्यातून दोनदा एक थेरपिस्ट यायची. इथलीच पंजाबी मुलगी, लेकीच्याच वयाची. जूनमध्ये एकदा तिने माझी कार्डं हातात घेतली आणि म्हणाली, "आंटीजी, एक बात कहूँ? बुरा मत मानना."

तिने सांगितलं की अशा झटक्यानंतर काही जणांच्या तोंडी एखादाच शब्द अडकून राहतो. माणूस तो निवडत नाही. काहीही म्हणायचं असलं तरी तोंडातून तोच बाहेर येतो. एखाद्याचा 'मंगळवार' असतो, एखाद्याची शिवी असते. सूर खरा असू शकतो, शब्दाला अर्थ नसतो.

"इनके शब्द का मतलब है," मी म्हणाले.

तिने वाद घातला नाही. चार कार्डं त्यांच्यापुढे मांडली आणि हळू आवाजात विचारलं, "अंकल, क्यूआरएक्स कौन सा है?" त्यांनी चारही कार्डांकडे पाहिलं. मग डावा हात उचलून चादरीची सुरकुती सारखी केली. तिने पुन्हा विचारलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "क्यूआरएक्स," आणि बोट क्यूएसबीवर ठेवलं.

"आज थके हुए हैं," मी म्हणाले आणि कार्डं गोळा केली. पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी तिच्याशी नीट बोलले नाही.

ऑगस्टमधली गोष्ट. दुपारी त्यांना खुर्चीत बसवून, पुढ्यातल्या स्टुलावर चहा ठेवून मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाहेरून हाक आली, "क्यूआरएक्स!" मी म्हणाले, "हो, थांबते." पुन्हा, जरा जोरात, "क्यूआरएक्स!" मला हसू आलं. मी ओरडून म्हणाले, "अहो, थांबलेय ना! केव्हापासून थांबलेय!" तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी कणकेला तेलाचा हात लावत होते. तो पूर्ण लावून, हात धुऊन, पुसून मग मी बाहेर गेले.

कप कलंडून चहा त्यांच्या डाव्या मांडीवर सांडला होता. जी बाजू जिवंत होती, त्याच बाजूवर. पायजमा कातडीला चिकटला होता. ते रडत होते, आणि रडता रडता माझ्याकडे बघून म्हणत होते, "क्यूआरएक्स, क्यूआरएक्स."

माझी किंकाळी ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या. आम्ही दोघींनी मिळून पायजमा कापून काढला, पाणी ओतलं. तळहाताएवढा फोड आला. तो भरायला सहा आठवडे लागले. रोज पट्टी बदलताना ते तोच शब्द म्हणायचे आणि रोज मला तो ऐकावा लागायचा. कार्डं मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली.

थेरपिस्टला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपकी ग़लती नहीं है." पण होती. तिने जूनमध्येच सांगितलं होतं.

ऑक्टोबरमध्ये पंचकुल्याहून त्यांचे रेडिओवाले मित्र आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले सरदारजी, वीस-बावीस वर्षांची मैत्री. ते येताना मोर्सची, म्हणजे तारेच्या कडकट्टची, पितळी चावी आणि सरावाचा छोटा भोंगा घेऊन आले होते. "भाभीजी, ज़बान भूल सकती है, हाथ नहीं भूलता," ते म्हणाले. त्यांनी स्टुलावर चावी ठेवली, स्वतः आधी ठोकून दाखवलं. टिक-टिक आवाजासरशी यजमानांनी मान वर केली. सरदारजींनी माझ्याकडे पाहिलं, डोळे चमकले होते. मग त्यांनी यजमानांचा डावा हात धरून बोट चावीवर ठेवलं.

यजमानांनी चावी दाबली. दाबली ती सोडलीच नाही. भोंग्याचा एकच लांब सूर खोलीभर वाजत राहिला. ते आमच्याकडे बघत होते, काही चुकतंय का असं विचारल्यासारखे. शेवटी सरदारजींनी अलगद त्यांचं बोट उचललं.

"क्यूआरएक्स," यजमान म्हणाले.

"हाँ यार," सरदारजी म्हणाले. "कोई बात नहीं."

त्यांनी रुमालाने डोळे टिपले आणि चावी आणि भोंगा पिशवीत ठेवला. मग मीच विषय काढला. सेट लायसन्स असलेल्यालाच देता येतो, तर तुम्ही घेऊन जा. त्यांनी आढेवेढे घेतले, मी ऐकलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी सेट नेला, वायरी नेल्या, खांबही उतरवला. गच्चीत सिमेंटच्या चार खुणा राहिल्या. आता सांगलीला जायला काही अडचण नव्हती. पण एवढा प्रवास त्यांना झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि बहिणीचेही गुडघे गेलेत.

डिसेंबरात दुसरा झटका आला, आधीपेक्षा लहान. त्यानंतर ते काहीच म्हणत नाहीत. मुलगी महिन्यातून एकदा येते, त्यांच्या पायांना तेल लावते, रविवारी संध्याकाळी परत जाते.

दिवसातून चार वेळा त्यांना कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. मला एकटीला ते उचलत नाहीत. चारही वेळा खालच्या बाई वर येतात. त्या यजमानांच्या खांद्याखाली हात घालतात आणि पंजाबीत बोलत सुटतात: धुकं किती पडलंय, गाजरं कशी आलीत, नातवाने काय केलं. उत्तराची वाट बघत नाहीत. मी पाय धरून उभी असते. मला बोलायला काही सुचत नाही.