तीन हंगाम जनवाड्याचे

"पाठवा की. मी कुठं न्हाई म्हणते?" असं प्रशिक्षकांना म्हणून ती हातमोजा काखेत धरायची आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागायची. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. गाव मंठाळ, धंदा शिवणकामाचा, आणि आमच्या भालकीच्या महिला बेसबॉल संघात ती पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारी. मी स्कोअर लिहायचो.

पिचरनं एक दिवस भरपूर चेंडू टाकले, की पुढचे तीन-चार दिवस तिचा हात कामाचा राहत नाही. आमचे प्रशिक्षक अण्णा मग थकलेल्या पिचरला जनवाड्याच्या आमच्याच दुय्यम संघात धाडायचे आणि तिथली ताजी पिचर वर आणायचे. पण स्पर्धेचा नियम असा, की एका खेळाडूला असं खालीवर करायची मुभा तीनच हंगाम. त्यानंतर खाली पाठवायची झाली तर आधी बाकीच्या संघांना विचारायचं. कुणी मागितली, की ती त्यांची.

आमच्या दुसऱ्या दोन पिचरची मुभा संपलेली. त्यांना खाली पाठवलं तर हातच्या जाणार. म्हणून त्यांच्यापेक्षा चांगलं खेळूनही अक्काच जायची. एकदा तिनं कलबुर्गीच्या संघाला पाच डाव एकही धाव दिली नाही. संध्याकाळी बघतो तर ती पिशवीत ब्लाउज भरत होती. जनवाड्यात गिऱ्हाइकं जमली होती तिची.

"कामून एवढी घाई करायलीस? अण्णा अजून काही बोलले न्हाईत," मी म्हणालो.

"बोलतील की." ती हसली. मग हळूच म्हणाली, "वाईट खेळले असते तर बरं झालं असतं. निदान कारण तरी कळलं असतं."

चौथ्या हंगामात अण्णांनी तिला संघात ठेवलं, पण बाकावर. जनवाड्याहून दोन वेगवान मुली आल्या होत्या. हिला सोडलं तर कलबुर्गीवाले नेतील, एवढीच भीती. सहा सामने अक्का बाकावर बसून काजं करत राहिली.

सातव्याच्या आदल्या दिवशी ती अण्णांसमोर उभी राहिली. "अण्णा, मला सोडा."

"तिकडं जाऊन आमच्यावरच चेंडू टाकशील."

"व्हय. पण टाकीन तरी."

अण्णांनी माझ्याकडून कागद मागून घेतला. लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाले, "तुझं चुकलं न्हाई. माझं चुकलं."

कलबुर्गीनं तिला लगेच घेतलं.

त्या थंडीत आम्ही तिथं खेळायला गेलो. सातवा, शेवटचा डाव. त्यांची एका धावेची आघाडी, आमच्या दोघी बाद, तिसरी बाद झाली की खेळ संपला; पण एक धावपटू तिसऱ्या तळावर, ती घरी पोचली की बरोबरी. त्यांचा प्रशिक्षक अक्काकडं चालत आला. आता बदलणार, असं आम्हाला वाटलं. आमच्याकडं तिनं आख्खा सामना कधी टाकलाच नव्हता. त्यानं काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली. चेंडू तिच्याच हातात ठेवून तो माघारी फिरला.

आमच्या बाकावर अण्णा उठून उभे राहिले. आमची फलंदाज बाद झाली, सामना गेला, तरी ते खाली बसले नाहीत.