हेल्मेट घालून पंगत

आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण त्या दिवशी आमच्या रोह्याच्या शाळेत सरकारी साहेब तपासणीला आले ते माझ्या निनावी फोनमुळे.

शाळा विशेष मुलांची. त्यातली एक मुलगी पंगतीतल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या डोक्यावर हेल्मेट असेल तरच जेवते. हे शोधलं पेणहून येणाऱ्या बाईंनी. येतात एसटीने, तरी त्यांनी हेल्मेट घेतलं. घास भरवताना काच वर, दटावताना खाली. हळूहळू सगळा स्टाफ हेल्मेट घालून जेवू लागला. कुंपणापलीकडची माणसं हसायची, मला लाज वाटायची.

साहेब दारात दिसताच मी हेल्मेट काढलं. मुलीने ताट दूर सारलं.

"घाला ओ सर!" असं मला दटावत बाईंनी आपलं हेल्मेट साहेबांच्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतः पातेलं घातलं. "बसा साहेब, पोर उपाशी राहील."

साहेब बसले. जेवता जेवता म्हणाले, "तक्रारीचा फोन तुमच्यातल्याच कुणाचा तरी होता."

"आमच्यातला कोन नाय करणार," माझ्या ताटात भात वाढत बाई पातेल्याखालून म्हणाल्या. "काय सर?"

मी हेल्मेटसकट मान डोलावली.

अजूनही त्या माझ्या शेजारीच जेवायला बसतात. तो फोन माझा होता, हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलंय.