पंडितभाऊजींचे तीन तज्ज्ञ

माझे मोठे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान पंडित पाटील, वाईट नाहीत हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या द्याल. मी तर देऊन बसले आहे. जळगावला पाइपच्या कारखान्यात उभी हयात मशीनपुढे घालवलेला माणूस. तंबाखू नाही, सुपारी नाही. पण यंदा मंदी आली, मागणी आटली, कारखान्याची एक पाळी बंद पडली. आता आपला नंबर कधी, या धास्तीनं त्यांनी मोबाइल हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही.

मोबाइलमध्ये त्यांना तीन तज्ज्ञ भेटले. कोटवाला म्हणे, मंदीत सोनंच तारतं, असेल ते धरून ठेवा, भाव अजून चढणार. दाढीवाला म्हणे, हा सगळा फुगा आहे, धाडकन खाली येणार, शहाण्यानं आत्ताच विकून मोकळं व्हावं. तिसरा चष्मेवाला. तो धड काहीच बोलायचा नाही. थोडं ठेवा, थोडं विका, घाबरू नका. भाऊजींना सकाळी कोटवाल्याचं पटायचं, संध्याकाळी दाढीवाल्याचं. घाबरलेल्या माणसाला घाबरवणाराच खरा वाटतो. शेवटी दाढीवाला जिंकला.

घरात विकण्यासारखं होतं तरी काय? माझ्या अक्काच्या, कमलच्या, दोन पाटल्या. आमच्या मायनं धरणगावला स्वतःच्या हातातले गोठ मोडून, घडवून लग्नात घातलेल्या. भाऊजी म्हणाले, "कमल, आत्ता भाव चढलेला आहे. विकून टाकू. पडला की आखाजीच्या आत तशाच घडवून आणतो. वर चार पैसे हातात राहतील." अक्का बिचारी भोळी. दिल्या काढून.

आखाजीच्या आत का, तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही खान्देशातल्या लेकी माहेरी जातो. मायची नजर काचबिंदूनं गेली. आम्ही गेलो की ती आमच्या तोंडावरून हात फिरवते आणि मग अक्काचं मनगट धरून पाटल्या चाचपते. दर वर्षी. लेक सुखात आहे का, ते ती तसंच बघते.

पाटल्या गेल्या आणि भाव चढायला लागला. अक्का मला धुळ्याला फोन करायची, "कोकिळा, आज पण वर गेला गं." तिला जेवण जाईना. मी म्हणायची, "त्या दाढीवाल्याला आण माझ्यासमोर, दाढीच उपटते मेल्याची." मध्ये एकदा भाव जरा उतरला. अक्कानं हातापाया पडून भाऊजींना सराफ बाजारात पाठवलं. दुकानाच्या पायरीवर उभं राहून यांनी परत मोबाइल उघडला. दाढीवाला सांगत होता, पडायला आत्ता कुठे सुरुवात झालीय, थांबा. भाऊजी थांबले! भाव उसळला तो तोळ्याला लाखाच्या पार गेला. आता त्या पैशात दोन्ही पाटल्या बसेनात, आणि नोकरीचा भरवसा नाही म्हणून होती ती रोकड सोडायला यांचा जीव होईना.

आखाजी आली. अक्कानं सोन्याचं पाणी दिलेल्या पाटल्या आणल्या, दिसायला हुबेहूब. "मायला कुठे दिसतंय," असं मला म्हणाली आणि रडायलाच लागली. धरणगावपर्यंत ती पदराखाली मनगट दाबून बसली होती.

घरी गेल्यावर भाऊजी पुरणपोळी आणि आमरसाच्या ताटावर बसले. मायनं आमच्या तोंडांवरून हात फिरवला, मग अक्काचं मनगट धरलं. पाटली फिरवली. परत फिरवली. जरा उचलून वजन बघितलं. मला वाटलं, झालं, आता जावयाचा उद्धार होणार.

माय हळूच तिच्या अहिराणीत म्हणाली, "बाई, तुना घरमा कोन आजारी शे?"

आमच्या घरात अंगावरचं सोनं एकदाच उतरलं होतं, वडील दवाखान्यात होते तेव्हा. तिला दुसरं कारणच ठाऊक नाही.

"कोणी नाही गं माय," अक्का म्हणाली आणि मनगट सोडवायला लागली.

"माले खरं सांग. जावाई शे का?" असं म्हणत मायनं अक्काला देण्यासाठी स्वतःच्या कानातल्या बाळ्या सोडवायला घेतल्या. तेवढंच सोनं उरलंय तिच्या अंगावर. "दवाखानामा कसर करू नका. या लई जा."

भाऊजी खरकट्या हातानं उठले आणि तिच्यासमोर येऊन बसले. "नका काढू, माय. मी धडधाकट आहे."

मायनं चाचपत त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

"मंग पाटल्या कथा गयात?" कुठे गेल्या, एवढंच तिला हवं होतं.

दोन महिने आम्हाला तिन्ही तज्ज्ञ पाठ म्हणून दाखवणाऱ्या या माणसानं डाव्या हातानं खिशातला मोबाइल काढून खाली पालथा ठेवला. मायचा हात त्यांच्या कपाळावर तसाच होता.