अंबूबाईचं सोवळं

आमच्या पंचवटीतल्या घराची मागची खिडकी अन्नछत्राच्या परसात उघडते. तिथे मी अंबूबाईला पहिल्यांदा पाहिलं ते शके १८५७च्या श्रावणात. वय पंचविशीचं, अंगावर लाल आलवण, पदर कपाळावर घट्ट ओढलेला, काखेत एवढंसं बोचकं. माहेर कुणी उरलं नव्हतं. नवव्या वर्षी सायखेड्याला दिली, पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. पुढची दहा वर्षं दिराच्या घरी राबली. दीर जेवायला घाली, पण घासागणिक ऐकवी. एके दिवशी त्याने तिचं पान गोठ्यात मांडायला सांगितलं, तेव्हा ती उठली, नाशकाला आली आणि छत्रात स्वयंपाकाला राहिली.

"काकू, इथून काढलं तर मला तो गोठाच आहे," असं तिने मला दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं. ते आधीच लिहून टाकते.

तिच्या हाताला चव होती. आमटीला फोडणी पडली की आमच्याकडे हे पोथीतून मान वर काढायचे. एकदा छत्राच्या कारभाऱ्यांनी भर पंक्तीत विचारलं, "आजची आमटी कुणाची? अंबूबाईची? वा!" त्या एका 'वा'ने घात केला असं मला वाटतं.

चुलीपाशी तिच्याखेरीज दोघी होत्या. अक्काबाई बारा वर्षांच्या जुन्या, त्यांचा शब्द तिथे शेवटचा. दुसरी चिमणाबाई, विशीतली, अक्काबाईंच्या तोंडाकडे बघून हसणारी. छत्राचा स्वयंपाक कडक सोवळ्यातला. आदल्या दिवशी धुतलेलं वस्त्र उंच वलणीवर काठीने वाळत घालायचं आणि पहाटे आंघोळ करून तेच नेसायचं. मध्ये कुणा आंघोळ न केलेल्या पारोशाचा हात लागला तर ते बाद. मग पुन्हा धुवायचं, आणि वाळायला वेळ कुठला, ओलंच नेसून चुलीपुढे बसायचं.

दसरा झाला आणि पहाटे दात वाजण्याइतकी थंडी पडू लागली. मी खिडकीशी वाती वळत बसले होते. अंबूबाई न्हाणीत होती. अक्काबाई अंथरुणातून उठून तशाच परसात आल्या, तिचं सोवळं काठीने खाली ओढलं, दोन्ही हातांनी कुस्करलं आणि परत वर सारलं. अंबूबाई बाहेर आली तशा म्हणाल्या, "अगंबाई, चिमणाबाईचा पदर लागला हो तुझ्या सोवळ्याला!"

चिमणाबाई फिस्सकन हसली. अंबूबाईने वलणीवरून वस्त्र उतरवलं, विहिरीवर धुतलं, पिळलं आणि ओलं नेसून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. मग आठवड्यातून तीनदा, चारदा. वर दोघींचं बोलणं.

"आल्या का गंगाबाई? दिवसातून दोन दोन स्नानं! आम्हालाही द्या हो थोडं पुण्य."

"राहू दे, चिमणे. तिला कारभाऱ्यांची 'वा' मिळते, तिला थंडी कशाची!"

आणि कारभारी आले की अक्काबाई मऊ आवाजात, "आमची तक्रार नाही हो. पण चुलीला रोज उशीर होतो, तो हिच्यापायी."

अंबूबाई खोकू लागली. धुरात ओल्या वस्त्राने बसायची, अंगातून वाफा निघायच्या. आवाज गेला. मग मीठ जास्त पडू लागलं. थंडीने हात कापले तर चूक होणारच, आणि चूक झाली की त्या दोघींना आणखी एक निमित्त.

मी रोज पाहत होते आणि बोलत नव्हते. माझं चातुर्मासाचं मौन होतं. उठल्यापासून माध्यान्हीची पूजा आटोपेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. माझ्या लेकीचं दोनदा पोट पडलं होतं, आता तिसऱ्यांदा दिवस होते, म्हणून रामरायाला हा नवस बोलले होते. मौन मोडलं आणि तिकडे काही झालं तर? ही भीती ज्या आईला ठाऊक आहे तिने मला काय म्हणायचं ते म्हणावं.

पण वहीत तरी खरं लिहावं. मौन दुपारी सुटायचं. दुपारनंतर माझी जीभ कुठे होती? अक्काबाई सणावारी माझ्या हाताखाली पुरण वाटायला यायच्या. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बायकांची भांडणं. छत्रातलं छत्रात राहू दे." मला ते बरंच वाटलं. सोयीचं होतं ना!

कार्तिक शुद्ध नवमीला एका यजमानाचं ब्राह्मणभोजन होतं. ऐंशी पानं. त्या पहाटे अंबूबाई भिंतीला धरून न्हाणीत गेली, अंगात ताप असावा. अक्काबाई आल्या, सोवळं कुस्करलं, वर सारलं. अंबूबाई बाहेर आली. आणि त्या दिवशी कुणी काहीच बोललं नाही. "शिवलं हो" नाही, हसणं नाही. तिने वर पाहिलं, जरा थांबली, हात जोडले आणि कोरडं वस्त्र नेसली. कितीतरी दिवसांनी कोरडं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे सुख होतं ते मला अजून बघवत नाही.

परसात पानं मांडली, ब्राह्मण बसले, वाढायला घेणार तोच अक्काबाई पुढे येऊन मोठ्याने म्हणाल्या, "थांबा! हिचं सोवळं शिवलेलं आहे. सकाळी चिमणाबाईचा धक्का लागला, तिने बजावलं, तरी कंटाळा करून हिने तेच नेसलं. विचारा चिमणाबाईला!"

कारभाऱ्यांनी विचारलं. चिमणाबाईने मान हलवली.

"मला कुणी सांगितलं नाही हो!" अंबूबाई बसक्या आवाजात म्हणाली. मग तिची नजर माझ्या खिडकीवर गेली. "काकू! तुम्ही होतात ना खिडकीत? सांगा ना यांना!"

सगळे खिडकीकडे बघू लागले. देवघरातली फुलं अजून परडीत होती. व्रत संपायला तीन दिवस उरले होते, लेकीला आठवा सरत होता. माझे ओठ हलले असतील. मी मान खाली घातली.

"बघितलंत?" कारभारी म्हणाले. "त्यांच्याकडेही तुझ्या बाजूचं काही नाही."

ब्राह्मण पानांवरून उठले. ऐंशी पानांचं अन्न गायींपुढे गेलं. अंबूबाईला बोचकं उचलायला सांगितलं.

पूजा मी कशीबशी उरकली आणि धावत छत्रात गेले. सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. कारभाऱ्यांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, हे मघाशी का नाही बोललात?"

"मौन होतं."

"मग आता तेच पाळा. तिला परत घेतलं तर लोक विचारतील, ऐंशी ब्राह्मण उपाशी उठवले ते कशासाठी? मी काय सांगू?"

चिमणाबाई दाराआड रडत होती. मला म्हणाली, "मी हसले नसते तर उद्या वलणीवर माझंच होतं हो!" तिचं खरं होतं. अक्काबाई एकट्या काय करणार होत्या? त्यांना हसायला एक आणि गप्प बसायला एक, एवढं लागत होतं. दोन्ही मिळाल्या.

अंबूबाई तोवर गेली होती.

व्रताचं उद्यापन करून मार्गशीर्षात, मला तिच्याकडे घेऊन चला म्हणून यांच्यापाठी लागले. खेरवाडी स्टेशनावर उतरून बैलगाडीने सायखेड्याला पोचलो. ती खरंच गोठ्यात होती. जात्यावर दळत होती, आणि मधूनमधून खोकला आला की खुंटा धरून थांबत होती.

"अंबूबाई, माझ्या घरी चल. माझ्या स्वयंपाकघरात राहा."

ती दळायची थांबली. "काकू, एक विचारू? तुम्ही रोज बघत होतात?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो गं."

तिने जात्याभोवतीचं पीठ हाताने आत लोटलं. "मला वाटायचं, कुणाला दिसत नाही. दिसलं तर कुणीतरी म्हणेलच ना, अहो असं का करता? तेवढ्यावर दिवस काढत होते मी."

मी तिचे हात धरायला गेले. तिने ते हळूच जात्याच्या खुंट्यावर ठेवले.

"तुम्ही जा काकू. गाडी चुकेल."

दीर दारात उभाच होता. तिने मूठभर धान्य घातलं आणि दळू लागली. आम्ही गाडीत बसलो तरी जात्याचा आवाज येत होता, मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.