साडूंची चक्कर आणि तांबडा दिवा

माझ्या नव्या गाडीत साडूंनी काहीतरी करून ठेवलंय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गाडी आणली त्याच संध्याकाळी माझे साडू वसंतराव, विंचूरचे कांदा व्यापारी, पेढे खायला आले. "लय भारी हाय गाडी, साडू! एक चक्कर मारू द्या की!" ते चक्कर मारून आले आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा तांबडा दिवा पेटला, तो पेटलाच!

"काय दाबलंत?" मी विचारलं.

"हॉर्न!" (बघा! चोर कधी कबूल करतो का?)

गॅरेजवाल्याने कॉम्प्युटर लावून दिवा विझवला. पंचवटीतल्या पहिल्याच गतिरोधकावर स्वारी पुन्हा हजर! वर गॅरेजवाला म्हणतो, "वसंतराव आपल्या चांगल्या ओळखीचे." म्हणजे हाही सामील! मी गाडीची किल्ली उशाखाली घेऊन झोपायला लागलो.

त्यातच मुलीच्या लग्नाच्या पैठणीसाठी येवल्याला जायचं निघालं. बायकोने बजावलं, "तो दिवा विझल्याशिवाय मी त्या गाडीत बसायची नाही. एस्टीने जाऊ."

दारात नवी गाडी आणि आम्ही एस्टीत! गल्लीत तोंड कसं दाखवायचं?

"साडूंना पुढे बसवतो," मी म्हणालो. "एअरबॅग फुटलीच, तर त्यांच्या तोंडावर फुटेल."

हे मात्र तिला पटलं. साडू बाजाराच्या कामाने पंचवटीत आलेच होते.

एक डोळा रस्त्यावर, दुसरा साडूंच्या बोटांवर, अशी माझी गाडी चालली होती. विंचूरला कांद्याचा ट्रॅक्टर आडवा आला. मी कचकन ब्रेक दाबला आणि इतके दिवस दाबलेलंही बाहेर पडलं, "वसंतराव, खरं सांगा, काय ठेवलंय माझ्या गाडीत?"

तेवढ्यात त्यांच्या सीटखालून लाल फडक्यात बांधलेला नारळ गडगडत आला!

"करणी!" मी किंचाळलो.

साडूंनी वाकून पाहिलं. "कसली करणी? ह्यो सीटखालच्या एअरबॅगच्या वायरींवर आपटत व्हता. प्लग निसटलाय." त्यांनी प्लग दाबला. मी गाडी बंद करून पुन्हा चालू केली. दिवा गुल!

मागून बायकोचा शांत आवाज आला, "हा तर आपल्या गाडीच्या पूजेचा नारळ. गोदावरीत सोडून आलात ना तुम्ही?"

(गाडी आणली त्याच दुपारी पंचवटीत ती लावायला जागा मिळेना, म्हणून 'उद्या सोडू' म्हणत मीच तो सीटखाली सरकवला होता. आणि विसरलो होतो!)

येवल्यात तिने दुकानातली सगळ्यात भारी पैठणी काढायला लावली. मी पाकीट काढलं.

तो दिवा पुन्हा कधी पेटला नाही. पण आजही मी कुणावर संशय घेतला, की बायको आधी सीटखाली वाकून बघते.