आईने परत न दिलेली गल्ली

खासदार म्हणून मी दिल्लीला निघाले त्या दिवशी ठाकुर्लीच्या घरात हारांचा ढीग पडला होता आणि मला काळजी होती ती रविवारची. आमच्या डाव्या पक्षात रविवारी सकाळी प्रत्येकाने आपापल्या गल्लीत दारोदार जाऊन पक्षाचं साप्ताहिक विकायचं, मग तो कितीही मोठा पुढारी असो. माझी गल्ली आता कोण करणार? देवाला फुलं वाहता वाहता आई म्हणाली, "ठेव ती पिशवी. मी जाईन." जन्मभर जिने माझ्या पक्षाच्या नावाने नाक मुरडलं, ती!

तुम्ही दिल्लीतले सोबती सगळे विचारायचात, इथे करमतं का? खरं सांगते, मजा आली. साडीवर कोट घालायला शिकले, हिंदी सुधारलं. कंत्राटी कामगारांवर बोलायला उभी राहिले की समोरून आरडाओरडा व्हायचा आणि मला आणखी चेव यायचा. साप्ताहिकात दर आठवड्याला लेखही लिहायचे. रविवारी सकाळी मात्र हात रिकामे वाटायचे.

पुढच्या निवडणुकीत सपाटून आपटले. परत आले, पण ज्यांनी मला घरी बसवलं त्यांच्याच दारात अंक घेऊन उभं राहायचं अगदी जिवावर आलं होतं. तरी पहिल्याच रविवारी पिशवी उचलली.

पहिलं दार नेनेकाकांचं. आम्हाला उभ्या आयुष्यात मत न दिलेला माणूस. दार उघडून ते माझ्या मागे बघायला लागले.

"आई नाही आल्या? बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. आता मीच येणार."

"अगं, मग मी भांडू कोणाशी? त्या आधीच सांगून टाकतात, मुलीचा लेख लांबलाय, शेवट तेवढा वाचा."

दारोदार तेच. माझ्या पराभवाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, सगळ्यांना आई हवी होती. घरी येऊन तणतणले, तर तिने पिशवीच काढून घेतली. "ही गल्ली आता माझी. तू शहाडला जा, तिथे कोणी नाहीये. आणि जरा कमी बोल."

शहाडला सुरुवातीला दारं अर्धीच उघडायची. मध्ये तापामुळे एक रविवार चुकला. पुढच्या वेळी गेले तर चाळीतल्या एक बाई दारातच उभ्या. "होतात कुठे? वाट बघून बघून चहा गार झाला की!"

दिल्लीतल्या सोबत्यांनो, आता घर म्हटलं की मला ठाकुर्लीबरोबर ते दारही आठवतं. खासदारकीची शपथ घेतानाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता निवडून आलीस बघ."