नणंदबाईंना पडलेले प्रश्न

आमच्या नणंदबाईंनी आयुष्यात एकही गोष्ट विचारल्याशिवाय सोडलेली नाही. ही मंडळी मला बघायला आली तेव्हा बाकीच्यांनी नोकरी, स्वयंपाक वगैरे रीतसर विचारून घेतलं, ताई मात्र दारातच थांबून माझ्या बाबांना विचारत होत्या, "तुमच्या बेलमधली चिमणी खरी रेकॉर्ड केलेली का हो?" हे स्थळ मला पसंत पडलं ते तिथेच. फ्रीजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हे बघायला त्यांनी माझ्या नवऱ्याचा मोबाइल व्हिडिओ चालू करून आत ठेवला आणि विसरून गेल्या. दुपारभर शोधाशोध झाल्यावर तो श्रीखंडाच्या डब्यामागे वाजला. "विझतो रे," एवढंच त्या समाधानानं म्हणाल्या. पेठेतल्या एका दुकानात त्यांनी विचारलं, "चिवड्याचे हे पोहे मुळातच पातळ, की भाजल्यावर होतात?" मालक मान वर न करता म्हणाले, "चिवडा घ्यायचाय की शोध लावायचाय?" "दोन्ही. चिवडा पाव किलो द्या." मालक हसले. शेजारचा दुकानदार ते बघायला बाहेर आला.

अशा ताईंना घेऊन आम्ही बाणेरकडच्या मुलांच्या म्युझियममध्ये गेलो. बरोबर माझी थोरली सई आणि धाकटा नील. नील चौथ्या वर्षात होता आणि 'दे' आणि 'नको' यापलीकडे बोलत नव्हता. कान उत्तम आहेत, वाट बघा, असं डॉक्टर म्हणायचे. वाट बघणं आमच्यापैकी कुणालाच जमत नव्हतं. सासूबाई बिस्किट उंच धरून "बिस्किट म्हण, मग देते" म्हणायच्या. तो बिस्किटावरचा हक्क सोडून निघून जायचा.

दारातल्या मुलीनं बजावलं, "मोठ्यांनी फक्त सोबत राहायचं, खेळायचं नाही."

"आणि मोठ्यांना एखादी गोष्ट कळली नाही तर?" ताईंनी विचारलं.

"मुलांना विचारा."

ताईंना हे फारच पटलं. त्या सईला विचारत विचारत साबणाच्या फुग्यात शिरल्या, आरशांच्या खोलीत स्वतःलाच "सरका जरा" म्हणाल्या. शेवटी एका लांबलचक दालनाशी आलो. दोन टोकांना दोन भल्यामोठ्या खोलगट तबकड्या होत्या; एकीत कुजबुजलेलं थेट दुसरीत ऐकू यायचं. नील पलीकडच्या तबकडीत तोंड घालून बसला. मी धावत अलीकडची गाठली. "नीलू, आई म्हण! बोल ना राजा!"

तो उठायलाच लागला.

"सर गं," ताई मला कोपरानं ढकलत म्हणाल्या. "तूच बोलत बसलीस तर ऐकू काय येणार?"

त्या बसल्या आणि डोळे मिटून गप्प राहिल्या. नाटक चालू असताना शेजारच्याला शंका विचारणारी ही बाई! मागे मुलांची रांग लागली. एक आई म्हणाली, "काकू, बाकीच्यांनाही बसायचंय." ताईंनी नुसता हात वर केला.

मला पलीकडे नीलची पाठ तेवढी दिसत होती. त्याची मान हळूच कलली. इकडे ताईंच्या भुवया वर गेल्या. मग तबकडीकडे तोंड नेऊन त्या सावकाश काहीतरी बोलल्या, आणि दालनाच्या त्या टोकाला माझा मुलगा खळखळून हसला.

"काय म्हणाला? ताई, काय म्हणाला?"

"प्रश्न विचारला त्यानं."

"कुठला?"

"मला विचारलाय, तुला नाही."

गाडीत मी विनवण्या केल्या, नवऱ्यानं ताईंचा धाकटा भाऊ म्हणून हट्ट करून पाहिला, सई रुसली. "चांगला होता," इतकंच त्या म्हणाल्या. नील खिडकीला नाक लावून बसला होता आणि "बस... ट्रक... मोठ्ठा ट्रक" असं स्वतःशीच म्हणत होता. मी रडू लागले ते त्याला दिसू नये म्हणून ताईंनी मला बाहेरचं काहीतरी दाखवलं.

आता नील दुसरीत आहे आणि त्याला गप्प करताना आम्ही दमतो. म्युझियममधलं त्याला काहीच आठवत नाही. ताईंना अलीकडे कमी ऐकू येतं. तो त्यांच्या मांडीला मांडी लावून कानात ओरडतो, आणि त्या मान डोलवतात. किती पोचतं कोण जाणे. परवा दोघीच चहा घेत होतो, तेव्हा मी पुन्हा त्या प्रश्नाचा विषय काढला. म्हटलं, "आता तरी सांगा."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "थांब गं. त्याला तेव्हा दिलेलं उत्तर अर्धवटच होतं. अजून शोधतेय."